विक्रीआधीच्या तपासणीत घराचे नुकसान झाले, तर भरपाई कोणाकडून आणि कशी मागावी

आपला प्रश्न मला समजला तो असा. इंदिरानगरमधील सुमारे २५ वर्षे जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आपण विकायला काढला आहे. खरेदीदाराने इसार दिला असून इसार पावतीत किंमत आणि मुदत लिहिलेली आहे, पण साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, अजून नोंदवलेले नाही. दरम्यान खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने एका अभियंत्याला तपासणीसाठी नेमले. त्याच्या माणसांनी स्वयंपाकघरातील कॉलमवरचा गिलावा छिन्नीने काढताना भिंतीतली पाण्याची नळी फोडली. फ्लॅटचा व्हॉल्व्ह अडकलेला असल्याने गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पाणी वाहत राहिले. त्यात ओट्याखालच्या ट्रॉल्या फुगल्या, भिंतीचा रंग गेला आणि खालच्या शेजाऱ्यांचे पीओपीचे छत खराब झाले. अभियंता म्हणतो की नळी गंजलेली होती, ती आज ना उद्या फुटलीच असती. खरेदीदार म्हणतो की मी काही फोडले नाही, हवे तर सौद्यात थोडेफार समजून घेऊ. शेजारी साहजिकच आपल्याकडे बोट दाखवतात. सौदा न मोडता भरपाई कशी मिळवावी, असे आपण विचारले आहे.

मी नाशिकमध्ये जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करतो. अशा वादांत कधी मालकासाठी, तर कधी तपासणी करणाऱ्यासाठी नुकसानीचा अंदाजही काढून दिला आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की नुकसानीचा हिशेब आणि घराचा सौदा हे दोन वेगळे कागद राहिले पाहिजेत. आपल्या प्रकरणात धोका खरेदीदाराच्या नकारापेक्षा त्याच्या ‘समजून घेऊ’ या शब्दांत जास्त आहे. त्याची कारणे पुढे येतील, पण त्याआधी भिंतीकडे पाहू, कारण तिथला पुरावा रोज कमी होत असतो.

फुटलेली नळी प्लंबरने बदलली असेल किंवा बदलणार असेल, तर कापून काढलेला तुकडा त्याला भंगारात नेऊ देऊ नका. या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. गंजून फुटलेल्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) नळीची भिंत आतून पातळ झालेली असते, तिच्यावर खड्डे पडलेले असतात, गळती बहुधा टाचणीएवढ्या छिद्रातून सुरू झालेली असते आणि छिद्राच्या कडा काळपट-तांबड्या असतात. छिन्नीच्या घावाने फुटलेल्या नळीवर चेप दिसतो, फाटलेली कड धारदार असते आणि ताज्या फाटीवर धातूची चमक काही दिवस टिकते. नंतर तिथेही गंज चढतो. म्हणून त्या तुकड्याची आजच जवळून छायाचित्रे काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तुकडा कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून त्यावर तारीख लिहा. शक्य असल्यास सोसायटीच्या सचिवांची किंवा एखाद्या शेजाऱ्याची सही घ्या. नळीत दोन्ही खुणा असू शकतात, म्हणजे ती गंजून पातळ झालेलीही असेल आणि घावही बसलेला असेल. तरी आपली बाजू बुडत नाही, पण रकमेवर परिणाम होतो. ते पुढे सांगतो.

पाणी बंद झाल्यावर पहिली काळजी विजेची घ्यावी. ज्या भिंतीत पाणी मुरले तिच्यातून जाणाऱ्या वायरींचा एमसीबी बंद ठेवून वायरमनकडून मेगर या यंत्राने इन्सुलेशन तपासून घ्या, आणि तो निकाल त्याच्याकडून लेखी घ्या. ओट्याजवळ मिक्सर, फ्रिज, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र अशी उपकरणे एकाच भिंतीवर असतात आणि ओल्या कन्ड्युइटमध्ये (वायरींच्या नळीत) पाणी बरेच दिवस साचून राहते. दुसरी गोष्ट म्हणजे घाईने पुट्टी आणि रंग मारून भिंत झाकू नका. विटांची भिंत आणि तिच्यावरचा गिलावा भिजल्यावर सुकायला काही आठवडे लागतात, आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. ओल्या भिंतीवर मारलेला रंग फुगून सुटतो, मग पहिल्या रंगकामाचा खर्चही वादात अडकतो. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा आणि फुगलेल्या ट्रॉल्या बाहेर काढा.

ही काळजी कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये भरपाई ठरवताना नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते हे विचारात घ्यावे, असे स्पष्टीकरणात म्हटले आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रीचा करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत घराची समंजस मालकासारखी काळजी घेणे हेही विक्रेत्याचेच कर्तव्य आहे. भिंत महिनाभर ओली सोडली आणि त्यातून बुरशी चढली, तर तो वाढीव भाग आपल्या खाती येऊ शकतो.

आता अभियंत्याच्या ‘नळी गंजलेली होती’ या म्हणण्याकडे वळतो. हे म्हणणे त्याला वाटते तितके त्याच्या बाजूचे नाही. कॉलमवर रिबाउंड हॅमरची, म्हणजे काँक्रीटची ताकद अजमावणाऱ्या हातोडीची, चाचणी घ्यायची, तर त्या जागेचा गिलावा काढून काँक्रीटचा पृष्ठभाग उघडा करावाच लागतो, यात गैर काही नाही. पण गिलावा काढण्याआधी त्यामागे काय दडले आहे हे शोधणे तपासणीचाच भाग आहे. सळया कुठे आहेत हे पाहण्यासाठी वापरतात ते कव्हर मीटर लोखंडाचा वेध घेते, आणि गिलाव्यातली जीआय नळी त्याला सळईइतकीच सहज सापडते. नळी सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) असती, तर यंत्राला ती दिसली नसती, आणि अभियंत्याला थोडी तरी सबब राहिली असती. आपल्या प्रकरणात नळी लोखंडी होती असे तो स्वतःच सांगत आहे. म्हणजे यंत्र फिरवले असते, तर ती कळली असती. यंत्राशिवायही नळाच्या तोट्या, गीझर आणि सिंक यांच्या जागांवरून नळ्यांचा मार्ग बहुतेक वेळा ओळखता येतो, कारण प्लंबर त्या तोटीपासून सरळ वर किंवा आडव्या नेतात.

शिवाय २५ वर्षे जुन्या घरातली नळी जुनीच असणार हे गृहीत धरूनच कामाला हात घालायचा असतो. काम सुरू करण्याआधी फ्लॅटचा व्हॉल्व्ह फिरवून पाहिला असता, तर तो अडकलेला आहे हे तेव्हाच कळले असते. मग एक माणूस गच्चीवर उभा करून किंवा टाकीचे पाणी आधीच बंद करून काम करता आले असते. माझ्या मते आपल्या मागणीचा कणा इथे आहे. नळी फुटणे हा एक वेळ अपघात मानता येईल. पाणी बंद होण्याची खात्री न करता भिंत फोडणे हा मात्र निष्काळजीपणा आहे. त्या दिवशी कोणते यंत्र आणले होते, वाहत्या पाण्याची कोणी काय काळजी घेतली आणि पाणी किती वेळ वाहिले, हे घरात हजर असलेल्या प्रत्येकाने आठवते तसे आजच लिहून सही करून ठेवावे.

मागणी लिहिण्याआधी एक भेद नीट करा, कारण विक्रेत्यांची गल्लत इथेच होते. तपासणीनंतर घरात जे वाईट दिसते ते तीन प्रकारचे असते. काही भाग आपल्याच परवानगीने उघडलेला असतो, उदाहरणार्थ कॉलमवरचा गिलाव्याचा चौकोन, किंवा काँक्रीटचा नमुना काढला असेल तर त्याचे गोल भोक. ते नुकसान नव्हे. पण पूर्ववत करून देणे चाचणी मागणाऱ्याकडे असते, आणि ते साध्या सिमेंट-वाळूने नव्हे, तर आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने (भरणमिश्रणाने) करायचे असते. दुसरा प्रकार परवानगीबाहेर घडलेल्या नुकसानीचा, म्हणजे फुटलेली नळी, भिजलेल्या ट्रॉल्या आणि खालचे छत. तिसरा प्रकार तपासणीत सापडलेल्या दोषांचा. गिलावा काढल्यावर सळई गंजलेली दिसली, फिनॉल्फ्थॅलिन फवारल्यावर काँक्रीट गुलाबी झाले नाही आणि कार्बोनेशन (हवेमुळे काँक्रीटची सळईला गंजापासून वाचवण्याची शक्ती जाणे) सळईपर्यंत पोचल्याचे कळले, किंवा न्हाणीघराच्या भिंतीत जुनी ओल निघाली, तर ते अभियंत्याने केलेले नाही. ते आधीच होते, त्याने फक्त दाखवले.

हा तिसरा प्रकार मागणीत घुसवला, तर पूर्ण मागणीचा विश्वास जातो. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या त्याच कलम ५५ नुसार आपल्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न कळणारा मोठा दोष सांगणे हे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. एकदा सापडलेला दोष आता आपल्यालाही माहीत झाला आहे. हा खरेदीदार गेला आणि दुसरा आला, तर त्यालाही तो सांगावा लागेल.

भेगांच्या बाबतीत हा भेद सर्वांत नाजूक असतो, विशेषतः आपल्या शहरात. नाशिकच्या अनेक भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे उथळ पायावरच्या घरांना आणि कंपाउंडच्या भिंतींना दरवर्षी भेगा उघडतात आणि मिटतात. छिन्नी किंवा ड्रिलच्या हादऱ्याने भेग पडली असे म्हणण्याआधी ती जवळून पाहा. जुन्या भेगेत धूळ, कोळिष्टक किंवा आधीच्या रंगाचा थर आत शिरलेला दिसतो आणि कडा झिजलेल्या असतात. ताज्या भेगेच्या कडा तीक्ष्ण आणि आतला गिलावा स्वच्छ असतो, खाली जमिनीवर तिचा चुराही सापडतो. शंका असेल, तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहा. पुढे काच तडकली, तर भेग अजून हलत आहे आणि तिचे कारण तपासणीच्या हादऱ्यात नाही, हे दोघांनाही कळेल.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपण एकच म्हणून विचारला आहे, पण त्यात तीन नाती आहेत. नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत घर आपलेच आहे. विक्रीच्या करारामुळे खरेदीदाराला घरात मालकीहक्क मिळत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. म्हणून नुकसान आपले, आणि ते मागण्याचा हक्कही आपला. अभियंत्याशी आपला करार नाही. तरीही निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी करणारा ती भरून द्यायला बांधील असतो, आणि छिन्नी त्याच्या कामगाराने चालवली असली, तरी कामावर असताना केलेल्या कृतीची जबाबदारी त्याला नेमणाऱ्यावर येते. अभियंत्याने खरेदीदाराला दिलेल्या पत्रात ‘कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असे छापलेले असेल, तर ते वाक्य त्या दोघांमधले आहे. आपण त्यावर सही केलेली नसेल, तर ते आपल्याला बांधत नाही.

खरेदीदाराची बाजू थोडी वेगळी आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला काम दिल्यास त्याच्या प्रत्येक चुकीची जबाबदारी काम देणाऱ्यावर आपोआप येत नाही. पण खरेदीदाराने तपासणीची परवानगी मागताना काय लिहिले होते ते शोधा. ‘काही फुटलेतुटले तर करून देऊ’ असा एखादा व्हॉट्सॲप संदेश असेल, तर ते त्याने स्वतः दिलेले वचन आहे आणि त्याच्या आधारावर आपण दार उघडले आहे. तो संदेश फोनमधून पुसू नका. गरज पडल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडून तो न्यायालयात सादर करता येतो. असा संदेश नसला, तरी मागणीपत्र अभियंता आणि खरेदीदार या दोघांच्या नावे काढावे असे मी सुचवतो. चाचणी खरेदीदाराच्या हितासाठी होती आणि अभियंत्याची फीही त्यानेच दिली, त्यामुळे अभियंत्यावर खरा दबाव त्याचाच चालतो. माझ्या पाहण्यातली जी प्रकरणे नीट मिटली, त्यांत बहुतेक वेळा खरेदीदाराने आधी मालकाचे काम करून दिले आणि मग स्वतः अभियंत्याकडून वसूल केले. हाच मार्ग मला सर्वांत रास्त वाटतो, कारण घरमालकाने या तपासणीतून काहीच मिळवलेले नसते.

खालच्या शेजाऱ्यांना मात्र या तिघांच्या वादाची वाट पाहायला लावू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक नळ्यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते आणि फ्लॅटच्या आतल्या नळ्या सभासदाच्या असतात. त्यामुळे संस्था हे प्रकरण आपल्याकडेच पाठवणार. शेजाऱ्यांकडून छताच्या नुकसानीची छायाचित्रे आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या, आणि तो आपल्या मागणीत स्वतंत्र रक्कम म्हणून दाखवा. शक्य असेल, तर त्यांचे काम आपण आधी करून द्या, पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या, म्हणजे ती रक्कम सिद्ध करायला अडचण येत नाही. घर विकून आपण निघून जाल, पण ‘वरच्यांनी पाणी सोडले आणि गेले’ हा राग नव्या खरेदीदाराच्या वाट्याला येतो, आणि हे त्यालाही समजावून सांगण्यासारखे आहे.

रक्कम कशी ठरवायची? प्लंबर, गवंडी, सुतार आणि रंगारी यांच्याकडून कामानुसार लेखी अंदाज घ्या, शक्यतो प्रत्येक कामाचे दोन. ‘स्वयंपाकघर दुरुस्ती, एकूण इतके’ अशी ठोक रक्कम कोणीही मान्य करत नाही. गिलावा किती चौरस फूट, नळी किती फूट, ट्रॉल्या किती आणि कोणत्या प्लायच्या, रंग किती भिंतींना, हे वेगळे लिहिलेले असावे. रंगाच्या बाबतीत एक व्यवहारी नियम मी पाळतो: डाग अर्ध्या भिंतीवर असला, तरी मागणी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या पूर्ण भिंतीची रास्त असते, कारण जुन्या रंगाशी नवा रंग जुळत नाही. पण त्यासाठी पूर्ण घराचा रंग मागणे रास्त नाही.

जुन्याच्या जागी नवे येते तेव्हा किती वजावट द्यावी, यावर खूप भांडणे होतात. फुटलेल्या दोन-तीन फूट नळीच्या जागी नवी नळी टाकण्यात वजावट द्यायची गरज मला दिसत नाही, कारण बाजारात २५ वर्षे जुनी नळी विकत मिळत नाही आणि त्या तुकड्याने आपल्या घराची किंमतही वाढत नाही. मात्र प्लंबरने ‘पूर्ण लाइनच बदलून टाका’ असे सांगितले आणि आपण स्वयंपाकघराची सगळी लाइन सीपीव्हीसीची केली, तर फुटलेल्या भागापलीकडचा खर्च आपला आहे. नळी आधीपासून पातळ झालेली होती ही बाब इथे मोजली जाते. बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या ट्रॉल्यांसाठी नव्या मॉड्युलर किचनची किंमत मागू नका. त्यांचे वय धरून रक्कम काढा आणि ती कशी काढली हे मागणीतच लिहा. स्वतःहून रास्त वजावट दाखवलेल्या मागणीवर समोरचा घासाघीस कमी करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मनस्ताप, सुट्टी घेतल्याने बुडालेला पगार, ‘या प्रकारामुळे दुसरा चांगला ग्राहक गेला’ अशा दूरच्या गोष्टी मिळणे अवघड असते. कलम ७३ नेहमीच्या व्यवहारात स्वाभाविकपणे उद्भवणाऱ्या नुकसानीची भरपाई देते, दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची नाही. हे कलम कराराच्या भंगाबद्दल आहे, पण निष्काळजीपणाच्या दाव्यातही न्यायालये दूरच्या परिणामांबाबत असाच हात आखडता घेतात. ओट्यावर स्वयंपाक करता येत नसल्याने काही दिवस बाहेरून डबा आणावा लागला, तर त्याच्या पावत्या मात्र जरूर जोडा.

आपल्याकडे घराचा विमा असेल, तर तो आजच काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ्या फुटून किंवा ओसंडून होणारे नुकसान धरते. गृहकर्ज घेताना बँकेने अशी पॉलिसी काढायला लावलेली असते आणि मालकाला तिचा विसर पडलेला असतो. कंपनीला त्वरित कळवा. भरपाई दिल्यावर आपल्या जागी उभे राहून अभियंत्याकडून ती वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. म्हणून तिला न विचारता अभियंत्याला ‘आता आमची काही मागणी राहिली नाही’ असे लिहून दिले, तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. अभियंत्यालाही त्याच्या व्यावसायिक जबाबदारीचा विमा आहे का, हे लेखी विचारा. असेल, तर त्याची आडमुठी भूमिका बहुधा सैल होते.

आता सौद्यात ‘समजून घेण्या’बद्दल. खरेदीदार किमतीत काही हजार वाढवून देतो म्हणाला आणि आपण मान डोलावली, तर पुढे काय होते पाहा. पहिली गोष्ट, ती रक्कम खरेदीखतावर अवलंबून राहते. त्याचे कर्ज मंजूर झाले नाही किंवा तपासणीचा अहवाल पाहून त्याने माघार घेतली, तर आपल्याला भरपाई मिळत नाही आणि मधल्या दोन-तीन महिन्यांत भिंतीचा पुरावाही गेलेला असतो. दुसरी गोष्ट, अंतिम किमतीवर पुन्हा बोलणी झाली की ती रक्कम कशात विरघळली हे कोणालाच सांगता येत नाही. अहवालातल्या गंजलेल्या सळईसाठी तो किंमत कमी मागेल, आपण नळीसाठी वाढवून मागाल, आणि दोन्ही मुद्दे एकमेकांना खाऊन टाकतील. तिसरी गोष्ट, किमतीत मिळालेली रक्कम विक्रीचा मोबदला म्हणून दस्तावर आणि आपल्या करपात्र नफ्याच्या हिशेबात जाते. आणि चौथी, अभियंता सहज म्हणू शकतो की तुमचे नुकसान खरेदीदाराकडून भरून निघाले आहे.

म्हणून एक छोटे समजुतीचे पत्र वेगळे करा. त्यात घटनेची तारीख, काय फुटले, कोणती कामे कोण कोणत्या तारखेपर्यंत करून देणार किंवा किती रक्कम बँकेतून देणार, आणि हे पत्र खरेदीखत होवो वा न होवो लागू राहील, एवढे स्पष्ट लिहा. तिघांच्या सह्या घ्या. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केले तर बरे. काम करून देण्याचा पर्याय निवडला, तर गवंडी कोणाचा, साहित्य कोणते आणि काम पसंत आहे हे कोण ठरवणार, हेही आधीच लिहा. ज्या माणसांनी भिंत फोडली त्यांनाच घाईने ती भरू देण्यापेक्षा रक्कम घेऊन आपल्या गवंड्याकडून काम करून घेणे मला जास्त सुरक्षित वाटते. अपवाद एकच आहे: छिन्नीने किंवा यंत्राने एखादी सळई कापली गेली असेल, तर ते गवंड्याचे काम नाही. संरचना अभियंत्याने दुरुस्तीची पद्धत लेखी दिल्याशिवाय ती जागा बुजवू नका.

बोलण्याने जमले नाही, तर दोघांनाही पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवा, सोबत छायाचित्रे आणि अंदाज जोडा आणि १५ दिवसांची मुदत द्या. त्यानंतर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत विषय नेता येतो. रक्कम मध्यम असते आणि दोन्ही बाजूंना लवकर मोकळे व्हायचे असते, तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते.

ग्राहक आयोगाबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. इथे अभियंत्याची सेवा खरेदीदाराने घेतली आहे, आपण नाही, आणि त्या सेवेचे लाभार्थी म्हणून उभे राहणेही आपल्याला अवघड जाईल. म्हणून आपला थेट मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे, आणि त्यासाठी साधारणतः ३ वर्षांची मुदत असते. खरेदीदार मात्र आपल्याला दिलेली भरपाई ‘सदोष सेवेमुळे झालेले नुकसान’ म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अभियंत्याकडून मागू शकतो. त्याची मुदत २ वर्षे आहे, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. हे त्याला सांगा. आपला पैसा परत मिळवायला स्वस्त मार्ग आहे हे कळल्यावर पुष्कळ खरेदीदार आधी आपल्या खिशातून देण्यास तयार होतात. पोलिसांत जाण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधील आगळिकीच्या गुन्ह्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा त्याची जाणीव लागते, निष्काळजीपणा त्यात बसत नाही. शिवाय तक्रार झाली की सौदाही संपतो.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाचा पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाडा असेल आणि तो विकण्याआधी तपासणी व्हायची असेल, तर त्यांनी याहून पुष्कळ जास्त सावध राहावे. माती आणि चुन्यात बांधलेल्या भिंती, लाकडी तुळया आणि माळवद यांना ड्रिलचा हादरा सहन होत नाही. रिबाउंड हॅमरच्या चाचणीला तिथे अर्थही नसतो, कारण ती काँक्रीटसाठी आहे. वाड्यात लाकडाची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे टोचून पाहणे, वाळवी आणि ओल शोधणे, भिंतीचा कल ओळंब्याने मोजणे, एवढ्यावर अनुभवी माणूस पुष्कळ काही सांगू शकतो. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल किंवा वाड्यात भाडेकरू असतील, तर फोडाफोडीची परवानगी एकट्या मालकाने देऊ नये.

शेवटचा मुद्दा आपल्या घरात पुन्हा येणाऱ्या माणसांचा. अभियंत्याची चाचणी अर्धवट राहिली आहे आणि खरेदीदार उरलेले काम करायला सांगणार हे उघड आहे. त्याला नकार देऊ नका, नकाराने त्याच्या मनात विनाकारण शंका येईल. पण या वेळी परवानगी लेखी द्या. कोणत्या कॉलमवर, किती जागी आणि किती आकाराचा गिलावा निघणार, नमुना काढणार असल्यास किती व्यासाचा, हे त्यात येऊ द्या. काम सुरू करण्याआधी कव्हर मीटर फिरवून सळया आणि नळ्यांच्या रेषा खडूने भिंतीवर काढायच्या, त्यांची छायाचित्रे घ्यायची, टाकीचे पाणी आणि त्या भागाचा एमसीबी बंद करायचा, आणि अभियंता स्वतः हजर असल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, असे लिहा. दुरुस्तीच्या खर्चाएवढी अनामत रक्कम खरेदीदाराने आपल्याकडे ठेवावी आणि जागा पूर्ववत झाल्यावर ठरलेल्या दिवसांत ती परत घ्यावी, ही अटही त्यातच घाला. गच्चीवर काही उघडायचे असेल, तर ती संस्थेची सामाईक जागा आहे, तिथे आपली परवानगी पुरत नाही. गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थराला) एकदा भोक पडले की पाणी उतारावरून सरकत भलत्याच खोलीत उतरते. म्हणून तिथे संस्थेचे पत्र घ्या, आणि भोक बुजवल्यावर त्या भागात दोन-तीन दिवस पाणी साठवून खालचे छत कोरडे राहते हे पाहिल्यावरच अनामत परत करा. आणि त्या माणसांना बोलावण्याआधी फ्लॅटचा अडकलेला व्हॉल्व्ह आपल्या खर्चाने बदलून घ्या. तो खर्च आपलाच आहे, आणि मागणीपत्रात तो धरू नये.